बॅट किती घट्ट धरली आहे?

टेबल टेनिस शिकवणाऱ्यांच्या तोंडी दोन वाक्ये हमखास असतात. एक टेबलापाशी ओरडून सांगितलेले, ‘हात सैल सोड!’ आणि दुसरे, क्लास सुटल्यावर पालकांना बाजूला घेऊन सांगितलेले, ‘मेहनती आहे, पण हाताला टच नाही.’ पहिल्याचा परिणाम दोन-तीन चेंडूंपुरता टिकतो. दुसरे वाक्य उच्चारले की शिकवण्यासारखे काही उरतच नाही, कारण जे जन्मतः नाही ते क्लासमध्ये कुठून येणार? माझ्या मते दोन्ही वाक्यांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. टच ही हाताला मिळणारी माहिती आहे. ती किती स्पष्ट मिळेल हे बॅट कशी आणि किती घट्ट धरली आहे यावर ठरते, आणि आपली पकड या क्षणी किती घट्ट आहे हे बहुतेक नवशिक्यांना ठाऊकच नसते. ते त्यांना कळू लागेल अशी व्यवस्था करणे, एवढेच कोचच्या हाती असते. पण हे ‘एवढेच’ बरेच मोठे आहे.

आधी चेंडू आणि बॅट यांच्या भेटीचा हिशोब पाहू. चेंडू रबरावर टिकतो तो साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका वेळ. डोळ्यांना काही दिसले आणि त्यावर हाताने जाणीवपूर्वक हालचाल केली, तर त्याला चपळ माणसालाही सेकंदाचा पाचवा-सहावा भाग लागतो, म्हणजे दीडशे-दोनशे पट अधिक. हाताला जाणवलेल्या धक्क्यावर स्नायूंनी आपोआप दिलेले उत्तरही एवढ्या वेळात पोचू शकत नाही. तेव्हा ‘चेंडू बॅटवर आला की हाताने सांभाळून घे’ ही सूचना कानाला कितीही बरी वाटली तरी ती पाळणे कोणत्याच हाताला शक्य नाही. चेंडू लागला हे कळेपर्यंत तो निघून गेलेला असतो. बॅटचा कोन, तिचा वेग आणि मनगटाची मोकळीक हे सगळे भेटीच्या आधी ठरलेले असते. भेटीनंतर हाताला उरतो तो फक्त निरोप: चेंडू मधोमध लागला की कडेला, घासून गेला की ठोकला गेला, त्यावर फिरकी किती होती. या निरोपावर पुढचा फटका सुधारतो. म्हणजे टचचे काम भेटीच्या आधी आणि नंतर चालते, आणि या दोन्ही वेळी पकडीचा दाब कळीचा असतो.

इथे एका लोकप्रिय समजुतीला हात घालावा लागेल. नेटजवळ आखूड चेंडू टाकायला शिकवताना ‘हात सैल ठेवला की चेंडूचा जोर शोषला जातो’ असे सांगतात. स्पर्धेचा चेंडू 2.7 ग्रॅमचा. दोन्ही बाजूंना रबर लावलेली बॅट साधारण 170 ते 190 ग्रॅमची, म्हणजे चेंडूच्या साठ-सत्तर पट जड. इतक्या हलक्या चेंडूला त्या एक सहस्रांश सेकंदात बॅटच्या मागचा हात सैल आहे की घट्ट, याने फारसा फरक पडत नाही. त्याच्या दृष्टीने समोर एक जड फळी आहे. तरीही सैल हाताने टाकलेला चेंडू आखूड पडतो हा अनुभव खोटा नाही. फरक पडतो तो बॅटच्या हालचालीमुळे. आवळलेला हात शेवटच्या क्षणी नकळत पुढे ढकलतो, मोकळा हात बॅटला जवळजवळ स्थिर ठेवू शकतो किंवा किंचित मागेही घेऊ शकतो. हा फरक केवळ तात्त्विक नाही. जोर शोषण्यावर विश्वास ठेवणारा कोच मुलाला बॅट लुळी धरायला सांगतो, मग कोन डळमळतो आणि चेंडू उंच उडतो. हालचालीकडे पाहणारा कोच विचारतो, ‘चेंडू लागला तेव्हा बॅट पुढे जात होती की थांबली होती?’ या प्रश्नाचे उत्तर मूल स्वतः शोधू शकते.

आवळलेल्या मुठीने हालचाल का बिघडते, हे वाचकाला लगेच करून पाहता येईल. मूठ गच्च आवळा आणि मनगट गोल फिरवायचा प्रयत्न करा, मग बोटे ढिली सोडून तेच करा. बोटे मिटवणारे मोठे स्नायू हातात नसून कोपरापासून खालच्या भागात असतात आणि त्यांचे दोर मनगटावरून पुढे बोटांत जातात. बोटे जोरात मिटली की मनगट जखडते, कोपर वर उचलले जाते आणि बघता बघता खांदाही ताठ होतो. हे झाले भेटीच्या आधीचे नुकसान. नंतरचे नुकसान दिसत नाही, म्हणून अधिक वाईट. संवेदनांचा एक जुना नियम आहे, जर्मन शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेला: एखाद्या संवेदनेतला बदल जाणवायचा तर तो मुळात असलेल्या संवेदनेच्या प्रमाणात मोठा असावा लागतो. हातात रिकामे ताट असताना कुणी त्यावर लिंबू ठेवले तर लगेच कळते, हातात पाच किलोंची पिशवी असताना तेच लिंबू तिच्यात टाकले तर कळत नाही. मुठीत आधीच कमाल दाब भरलेला असेल, तर 2.7 ग्रॅमच्या चेंडूचा बारीक निरोप त्या गोंगाटात हरवणारच. शिवाय बारीक स्पर्श ओळखण्यात तळहातापेक्षा बोटांची टोके कितीतरी तरबेज असतात. सगळा भार तळहातावर टाकून हँडल दाबून धरणारा खेळाडू आपले सर्वांत तल्लख साधन बाजूला ठेवून खेळत असतो.

निरोप फक्त बोटांतून येत नाही, कानांतूनही येतो. याचा सर्वांत नाट्यमय पुरावा मुंबईने पाहिला आहे. 1952 ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली आणि जपानचे हिरोजी सातोह जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरले. तोवर बहुतेक सारे खेळाडू स्पंज नसलेल्या, दाणेदार रबराच्या बॅटने खेळत आणि तिचा टक्-टक् आवाज ऐकून समोरच्याने चेंडू किती जोरात मारला याचा अंदाज बांधत. स्पंजने तो आवाजच गिळला. वेगही अनोळखी, आवाजही नाही, अशा कोंडीत भलेभले सापडले आणि पुरुष एकेरीचे विजेतेपद सातोह यांनी नेले. पुढे 1959 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने बॅटवर काय आणि किती जाड लावता येईल याचे नियम बांधून दिले. आज जवळजवळ सगळेच स्पंजवर खेळतात. आवाज पूर्वीइतका बोलका राहिलेला नाही, पण मुका झालेलाही नाही. घासून मारलेला टॉपस्पिन आणि ठोकून मारलेला फटका डोळे मिटूनही ओळखता येतात. ज्या हॉलमध्ये सरावाच्या वेळी मोठ्याने गाणी लावलेली असतात, तिथे मुलांच्या निम्म्या शिक्षकाची मुस्कटदाबी चाललेली असते असे म्हणायला हरकत नाही.

आता पकडीच्या आकाराबद्दल. मुद्दाम थोडक्यात, कारण एरवी कोच यावरच सर्वाधिक वेळ घालवतात. आपल्याकडे बहुतेक मुले शेकहँड पकडीने खेळतात. हस्तांदोलन करावे तसे हँडल हातात, शेवटची तीन बोटे हँडलभोवती, अंगठा पुढच्या बाजूला रबराच्या खालच्या कडेपाशी आणि तर्जनी मागच्या बाजूला रबराच्या खालच्या काठाला समांतर. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी बॅटच्या कडेच्या रेषेत असली की फोरहँड-बॅकहँड दोन्हींना समान न्याय मिळतो. तर्जनी सरकत सरकत रबराच्या मधोमध आली असेल, तर फोरहँडला मनगट अडते, हे मात्र सुरुवातीलाच दुरुस्त करावे. याउपर एकच एक बरोबर पकड आहे असे समजण्याचे कारण नाही. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये कोरियाच्या र्यू सुंग-मिन यांनी पेनहोल्ड पकडीने, म्हणजे पेन धरतात तशी बॅट धरून, सुवर्ण जिंकले, 2008 च्या बीजिंगमध्ये चीनच्या मा लिन यांनी. शेकहँडचे राज्य पक्के झाले असे वाटत असतानाच 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सतरा वर्षांच्या फ्रेंच फेलिक्स लेब्रूनने पेनहोल्डनेच एकेरीचे कांस्य पटकावले. अमेरिकेच्या डॅनी सीमिलर यांनी तर फोरहँड-बॅकहँड दोन्ही बॅटच्या एकाच बाजूने मारण्याची पकड रूढ केली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आकार एकदा नीट लावून दिला की तो वर्षानुवर्षे फारसा बदलत नाही. दाब दर चेंडूला बदलतो. शिकवण्याचा वेळ कुठे घालवावा हे यावरूनच ठरावे.

दाब शिकवण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे त्याला आकडा देणे. एक म्हणजे याहून ढिली केली तर बॅट गळून पडेल, पाच म्हणजे याहून घट्ट आवळताच येणार नाही. पहिल्या दिवशी चेंडूशिवायच सुरुवात करा. मुलांना डोळे मिटून एकपासून पाचपर्यंत चढायला आणि परत उतरायला सांगा. मग कोचने बॅटचे पाते दोन बोटांत धरून हलकेच ओढून पाहावे. दोनला बॅट जरा सरकायला हवी, चारला सरकू नये. माझा तीन तुझ्या तीनइतकाच हवा असा या आकड्यांचा आग्रह नाही. एकाच मुलाचा तीन आज आणि उद्या सारखा असला म्हणजे पुरे, आणि पाते ओढून ते ताडून पाहता येते. त्यानंतर संथ फोरहँड रॅली: काही चेंडू चारवर, काही दोनवर, मग मनाला येईल त्या आकड्यावर. रॅली संपली की कोचने एवढेच विचारायचे, ‘किती होता?’ उत्तर चूक की बरोबर हे सांगायचे नाही. ‘शाबास, दोनच हवा’ असे म्हटलेत की खेळ संपला. पुढच्या वेळी मूल हाताकडे लक्ष न देता तुम्हाला आवडणारा आकडा सांगेल. ‘माहीत नाही’ हे उत्तर आले तर ते मोलाचे समजा. त्या मुलाने पहिल्यांदाच प्रामाणिकपणे स्वतःच्या हाताकडे पाहिलेले असते आणि पुढच्या रॅलीत ते अधिक नीट पाहील. ‘सैल धर’ या आज्ञेत हीच खोट आहे. कुठून सैल, किती सैल, हे न कळलेले मूल थेट एकवर उतरते, बॅट हातात डुगडुगू लागते, चेंडू भलतीकडे जातो आणि मुलाची खात्री पटते की घट्ट धरणेच बरे.

आठवड्याभरात आकडे स्थिरावले की प्रश्न बदला. आता ‘किती’ऐवजी ‘कधी वाढला?’ असे विचारा. खरी माहिती इथे दडलेली असते. बहुतेकांचा हात तयारीत उभे असताना दोनवर असतो आणि समोरचा सर्व्हिससाठी चेंडू उडवतो त्याच क्षणी चारवर जातो, म्हणजे गरज पडण्याच्या कितीतरी आधी. काहींचा जोरदार फटका मारताना पाचवर जातो, ते एक वेळ चालेल, पण नंतर खाली उतरतच नाही आणि पुढचा चेंडू त्याच आवळलेल्या मुठीने खेळला जातो. चांगल्या टॉपस्पिनमध्ये पकड आधी मोकळी असते, चेंडूला भेटण्याच्या सुमारास घट्ट होते आणि लगेच पुन्हा सुटते. हे घट्ट होणे चेंडू लागल्यावर सुरू होऊ शकत नाही हे वर पाहिलेच. ते आधीच्या लयीचा भाग असावे लागते. म्हणून ‘चेंडू लागताना आवळ’ हे सांगून साधत नाही. वेगवेगळ्या वेळी आवळून पाहायला लावले, थोडे लवकर, थोडे उशिरा, की मूल आपला क्षण स्वतः शोधते. मल्टीबॉलच्या सरावात हे विशेष सोपे जाते, कारण चेंडू एकसारखे येत राहतात आणि बदलतो तो फक्त हात.

आखूड खेळ ही टचची खरी कसोटी. नेटपासून टेबलाच्या शेवटापर्यंत प्रत्येक बाजूला 1.37 मीटर जागा असते. अंडरस्पिन सर्व्हिस अशी परतवायची की चेंडूचे समोरच्या बाजूला दोन टप्पे पडतील. पहिल्याच दिवशी हे उद्दिष्ट देऊ नका. समोर कोणीही नसताना कोचने चेंडू टाकावा आणि मुलाने तो मुद्दाम आधी खूप लांब, मग मध्यम, मग जमेल तितका आखूड टाकावा. लांब आणि आखूड यांतला फरक हाताला कळल्याशिवाय आखूड म्हणजे काय हे कळत नाही. दोन-चार उपक्रम यासोबत चालतील. उंचावरून येणारा चेंडू बॅटवर अजिबात उडू न देता झेलायचा. मुलाने डोळे मिटून बॅट आडवी धरायची, कोचने तिच्यावर चेंडू टाकायचा आणि तो टोकाला, मधोमध की हँडलजवळ पडला हे मुलाने सांगायचे. हाच प्रयोग चारच्या पकडीने आणि दोनच्या पकडीने केला की वेबरचा नियम न सांगताही समजतो. सर्व्हिस करताना शेवटची तीन बोटे हँडलवरून ढिली सोडून बॅट केवळ अंगठा आणि तर्जनीत धरायची, अंडरस्पिन इतकी द्यायची की चेंडू नेट ओलांडून पुन्हा आपल्याकडे वळावा. मुलांना ही शेवटची करामत इतकी आवडते की तासभर कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. बहुतेक कोच तिला टाइमपास समजतात. मला ती शंभर ‘सैल सोड’पेक्षा उपयोगी वाटते, कारण मूठ आवळून ती जमतच नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला म्हणजे टच उपजत असतो. स्वीडनचे यान-ओवे वाल्डनर हे त्याचे नेहमीचे उदाहरण: 1989 आणि 1997 चे विश्वविजेते, 1992 चे ऑलिंपिक विजेते, आणि हाताच्या नजाकतीबद्दल आजही ज्यांचे नाव आधी घेतले जाते असे. माणसामाणसांत फरक असतो हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 2004 च्या अथेन्समध्ये अडतीस वर्षांच्या वाल्डनर यांनी मा लिन आणि टिमो बोल यांना हरवून उपांत्य फेरी गाठली, ती पायांच्या वेगावर नक्कीच नव्हे. वाढत्या वयात पाय मंदावतात, पण हातात साठलेली माहिती वाढत राहते. उपजत देणगीपेक्षा हे साठवणीचे लक्षण अधिक दिसते. आणि समजा निम्मा टच उपजत असला, तरी कोचच्या वाट्याला उरलेला निम्माच येतो. त्याच्याकडे पाठ फिरवायला उपजत निम्म्याचे कारण पुरे पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हालचाल चालू असताना शरीराच्या अवयवाकडे लक्ष दिले की ती बिघडते, लक्ष हालचालीच्या परिणामावर ठेवले की सुधारते. गाब्रिएले वुल्फ आणि इतर संशोधकांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक खेळांत हे दाखवले आहे. मग खेळाडूला मुठीकडे पाहायला लावणे म्हणजे त्याची लय तोडणे नव्हे काय? ही धोक्याची सूचना मला मान्य आहे आणि म्हणूनच या पद्धतीला मर्यादा घालाव्या लागतात. आकड्याचा प्रश्न रॅली संपल्यावर विचारावा, चालू असताना नाही. सरावाच्या सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे त्याला द्यावीत, मग लक्ष चेंडूच्या टप्प्याकडे, उंचीकडे, आवाजाकडे वळवावे. स्पर्धेच्या आठवड्यात हा विषय काढूच नये. आज्ञा आणि निरीक्षण यांतला फरकही विसरता कामा नये. ‘मनगट असे वळव, कोपर इथे ठेव’ अशी आज्ञा हालचालीत ढवळाढवळ करते. ‘किती होता?’ हा प्रश्न फक्त नोंद मागतो, बदल मागत नाही. टिमथी गॅलवे यांनी 1974 च्या ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ या पुस्तकात निकालाचा शिक्का न मारता निरीक्षण करण्याची हीच वाट मांडली होती. त्यांचे काही दावे मला अतिउत्साही वाटतात, पण सततच्या सूचनांनी खेळाडू परावलंबी होतो हे त्यांचे निरीक्षण पुढच्या संशोधनानेही उचलून धरले आहे. प्रत्येक चेंडूनंतर कोचकडे पाहणारे मूल प्रत्येक हॉलमध्ये एक तरी सापडते.

आजचा खेळ ताकदीचा आहे, नाजूकपणाचे दिवस गेले, असेही ऐकू येते. 2000 मध्ये चेंडू 38 वरून 40 मिलिमीटरचा झाला, 2014 पासून सेल्युलॉइडच्या जागी प्लास्टिक आले, फिरकी काहीशी कमी झाली आणि जोराला भाव आला हे खरे. पण प्रत्येक गुण आजही सर्व्हिस आणि तिच्या परताव्यानेच सुरू होतो, आणि 2001 पासून गेम 21 ऐवजी 11 गुणांचा झाल्याने त्या पहिल्या दोन फटक्यांचे वजन वाढलेच आहे. ताकदसुद्धा मोकळ्या हातातूनच येते, आवळलेल्या हाताची बॅट वेगाने फिरत नाही. मनिका बत्राचा खेळ आठवा. बॅटच्या एका बाजूला लांब दाण्यांचे रबर, आणि रॅलीच्या मध्येच बॅट हातात फिरवून बाजू बदलणे. मुठीत गच्च धरलेली बॅट अशी फिरवता येईल काय? राहिला गर्दीचा प्रश्न. तीन टेबले आणि वीस मुले असताना प्रत्येकाला विचारत बसायला वेळ कुणाकडे? विचारायची गरजच नाही. शिट्टी वाजली की सगळ्यांनी मोकळ्या हाताची बोटे वर करून आपला आकडा दाखवायचा. एका नजरेत वीस उत्तरे मिळतात.

काही वेळा दोष हाताचा नसून सामानाचा असतो. लहान हाताला मोठ्यांचे जाड हँडल दिले, तर आवळल्यावाचून ते मूल बॅट पेलूच शकत नाही. हँडल पॉलिश पेपरने थोडे घासून बारीक करता येते, आणि तर्जनीच्या मुळाशी टोचणाऱ्या पात्याच्या कडाही तशाच बोथट कराव्यात. हौशी पालक पहिल्याच वर्षी जाड स्पंजची महागडी, जड रबरे घेऊन देतात. बॅट पुढच्या टोकाला जड होते आणि ती सावरायला मूठ आपोआप आवळते. सुरुवातीला पाच थरांचे साधे लाकडी पाते आणि मध्यम जाडीचे स्पंज पुरे, लाकडातून हाताला निरोपही नीट पोचतो. कोकण, मुंबई, गोव्याच्या दमट हवेत घामाने हँडल निसटू लागते, त्यावर इलाज मूठ आवळणे नसून रुमाल हा आहे.

शेवटी सामना. सरावात दोनवर असलेला हात 9–9 ला पाचवर जातो, यात नवल नाही. त्याची तयारी सरावातच करावी: गेम 8–8 पासून सुरू करायचे, आणि संपल्यावर ‘शेवटच्या गुणाला किती होता?’ एवढेच विचारायचे. नियमानुसार दर सहा गुणांनंतर टॉवेल वापरता येतो. त्या काही सेकंदांत बॅट दुसऱ्या हातात घेऊन बोटे मोकळी करण्याची सवय लागली की वेगळा उपदेश लागत नाही. कोचांना एकच विनंती: पुढचा महिनाभर ‘सैल सोड’ हे शब्द हॉलमध्ये उच्चारू नका, त्याऐवजी ‘किती?’ विचारा आणि उत्तर ऐकून गप्प बसा. सर्वांत अवघड भाग गप्प बसण्याचाच आहे.